गोदामाची रात्र दूरच्या नियंत्रण कक्षाकडे सोपवताना : माझा अनुभव

आमच्या गोदामाच्या आवारात कॅमेरे पूर्वीपासून होते. त्यांचे चित्रीकरण डीव्हीआरमध्ये साठत असे आणि काही घडून गेल्यावर कोणीतरी ते मागे नेऊन पाहत असे. माल कमी भरल्याच्या तक्रारी येऊ लागल्या तेव्हा फुटेजमधून एवढेच निष्पन्न झाले की ट्रकपाशी कोणीतरी उभे होते. ते कोण होते आणि त्याच्या हातात काय होते, हे सांगण्याजोगे चित्र कुठेच नव्हते. शेवटी व्यवस्थापनाने कॅमेरे बदलण्याचे आणि रात्रीची व सुटीच्या दिवसांची देखरेख बाहेरच्या नियंत्रण कक्षाकडे सोपवण्याचे ठरवले. प्रशासन माझ्याकडे असल्यामुळे हे काम ओघानेच माझ्याकडे आले.

सुरुवातीला आलेली सर्व कोटेशन्स कॅमेऱ्यांची संख्या आणि मेगापिक्सेल यांच्या भाषेत होती. मला ती एकमेकांशी ताडून पाहता येईनात, कारण कोणता कॅमेरा कशासाठी, हे त्यांपैकी एकातही लिहिलेले नव्हते. म्हणून मी आवाराचा नकाशा घेऊन प्रत्येक जागेपुढे एकेक प्रश्न लिहिला. फाटकातून आत आलेल्या माणसाचा चेहरा अनोळखी व्यक्तीलाही ओळखता यावा का? मागच्या कुंपणाजवळ कोणी आहे एवढेच कळले तरी पुरेसे आहे का? माल चढवण्याच्या धक्क्यावर खोक्यांची संख्या मोजता यायला हवी का? ही यादी तयार झाल्यावर कॅमेऱ्यांची संख्या काही ठिकाणी कमी झाली आणि काही ठिकाणी वाढली.

या प्रश्नांना आकड्यांत मांडण्याची एक रूढ पद्धत आहे, ती मला याच काळात समजली. आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ६२६७६-४ या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत दृश्यातील प्रत्येक मीटर रुंदीला किती पिक्सेल मिळतात, यावरून चित्राचा उपयोग ठरवला आहे : कोणी आहे हे कळण्यासाठी मीटरला २५, तो काय करतो आहे हे पाहण्यासाठी सुमारे ६२, ओळखीचा माणूस ओळखण्यासाठी १२५ आणि अनोळखी माणसाची ओळख पटवण्यासाठी २५०. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र १९२० पिक्सेल रुंद असते. त्याला २५० ने भागले की साडेसात मीटरच्या थोडे पुढे उत्तर येते. म्हणजे दृश्य याहून रुंद असेल, तर त्या कॅमेऱ्यावरून ओळख पटवण्याची अपेक्षा धरू नये. आमचे फाटक सहा मीटरचे असल्यामुळे तेथे असा साधा कॅमेरा पुरेसा होता. उलट चाळीस मीटर रुंदीच्या मोकळ्या आवारासाठी एका विक्रेत्याने सुचवलेला ३८४० पिक्सेलचा फोर-के कॅमेरा मीटरला फक्त ९६ पिक्सेल देणार होता. एकाच महागड्या कॅमेऱ्यात सगळे आवार बसते, हा त्याचा मुद्दा खरा होता. पण त्यात चेहरा ओळखता येणार नव्हता.

कॅमेरा किती उंचीवर बसवायचा, यावर बराच वाद झाला. हाताला लागू नये म्हणून तो जितका वर न्यावा, तितके माणसाच्या चेहऱ्याऐवजी डोक्याचे आणि टोपीचे चित्र मिळते. चेहऱ्यासाठीचे कॅमेरे आम्ही अडीच ते तीन मीटरवरच ठेवले, त्यांना आघात सोसणारे आयके१० दर्जाचे आवरण घेतले, आणि उंचावरच्या कॅमेऱ्यांकडे फक्त विस्तृत दृश्याचे काम दिले.

खरी पारख रात्री झाली. विक्रेत्यांनी दाखवलेले नमुने बहुतेक दिवसाचे किंवा स्थिर दृश्यांचे होते, म्हणून काळोख पडल्यावर आमच्याच जागेत चालता माणूस दाखवा, अशी अट मी घातली. कमी उजेडात कॅमेरा आपोआप शटरचा, म्हणजे प्रकाश आत घेण्याचा, वेळ वाढवतो आणि चित्र उजळ दिसते. पण सेकंदाचा पंचविसावा भाग शटर उघडे राहिले, तर सेकंदाला दीड मीटर चालणारा माणूस तेवढ्यात सहा सेंटीमीटर सरकतो आणि त्याच्या चेहऱ्याचा निव्वळ फराटा उरतो. शटरचा वेळ शंभराव्या भागावर आणला की हे सरकणे दीड सेंटीमीटरवर येते, परंतु मग उजेड पुरत नाही. एका कॅमेऱ्यावर अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा) दिवा इतका प्रखर होता की जवळ आलेल्या माणसाचा चेहरा पांढरा फटक पडला, नाक-डोळेही दिसेनात. हे सर्व पाहिल्यावर आम्ही अधिक संवेदनशील कॅमेरा घेण्याऐवजी फाटकाजवळ आणि धक्क्यावर साधे पांढरे दिवे वाढवले. खर्चाच्या मानाने चित्रात सर्वाधिक फरक त्यानेच पडला, असे मला आजही वाटते.

वाहनांच्या क्रमांकासाठी मात्र वेगळाच कॅमेरा लागला. रात्री हेडलाइटच्या झोतात सामान्य कॅमेऱ्याला पाटी वाचता येत नाही. या कॅमेऱ्याचे शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवले होते. त्यामुळे पडद्यावर जवळजवळ संपूर्ण काळोख दिसे आणि त्यात अवरक्त प्रकाश परतवणारी पाटी तेवढी लखलखीत उमटे. आमच्या रखवालदाराने ते चित्र पाहून कॅमेरा बिघडल्याची तक्रार नोंदवली होती. तक्रार योग्यच होती, कारण हा कॅमेरा माणसे पाहण्यासाठी नाही, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

वायरिंगचे काम तुलनेने सरळ झाले. नेटवर्कच्या केबलमधूनच वीज जात असल्यामुळे प्रत्येक कॅमेऱ्याजवळ वेगळा प्लग लागला नाही, आणि केवळ स्विच, रेकॉर्डर व राऊटर यूपीएसवर घेतल्याने वीज गेल्यावरही सगळे कॅमेरे चालू राहतात. तांब्याच्या केबलची मर्यादा शंभर मीटर असल्यामुळे मागच्या कुंपणापर्यंत ऑप्टिकल फायबर न्यावी लागली.

साठवणुकीचा हिशेब मी स्वतः मांडून पाहिला, आणि तो प्रत्येकाने मांडावा असे सुचवेन. सेकंदाला चार मेगाबिट या वेगाने सतत चालणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट जागा घेतो. वीस कॅमेरे आणि तीस दिवस धरले, तर ही जागा जवळपास २६ टेराबाइट होते. चित्रीकरण कमी जागेत बसवण्यासाठी एच.२६४ ऐवजी एच.२६५ ही संकोचन पद्धत वापरल्यास हा आकडा बराच खाली येतो. मात्र अंधारात चित्रावर जे कण नाचतात, त्यांनी डेटा पुन्हा वाढतो, हे कोटेशनमध्ये कोणी धरत नाही. आमच्याकडे मालाची मोजदाद महिनाअखेरीस होते आणि तूट त्यानंतर उघडकीस येते. तीस दिवसांचेच फुटेज ठेवले असते, तर तूट कळेपर्यंत महिन्याच्या आरंभीचे चित्रीकरण पुसले गेले असते. म्हणून पंचेचाळीस दिवस ठरवले.

दूरस्थ पाहणीची जोडणी करताना बसवणाऱ्या कंत्राटदाराशी माझा पहिला खटका उडाला. राऊटरवर एक पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत येण्याची वाट, उघडा केला की कुठूनही मोबाइलवर कॅमेरे दिसतील, पाच मिनिटांचे काम आहे, असे त्याचे म्हणणे होते. आपल्याला जे कुठूनही दिसते, ते दुसऱ्या कोणालाही दिसू शकते. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर प्रचंड संख्येने ताब्यात घेतले होते, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणारी सेवा पुरवणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर झालेल्या हल्ल्यात त्यांचा वापर होऊन अनेक मोठी संकेतस्थळे काही तास कोलमडली होती. हे उदाहरण मी बैठकीत मांडले आणि पोर्ट उघडायचा नाही, असे लेखी ठरवून घेतले. कॅमेऱ्यांचे जाळे कार्यालयाच्या जाळ्यापासून वेगळे केले, नियंत्रण कक्षाशी संपर्क व्हीपीएनमधूनच, म्हणजे सांकेतिक केलेल्या खासगी जोडणीतूनच, ठेवला, प्रत्येक वापरकर्त्याला स्वतंत्र खाते दिले आणि कंत्राटदाराचे खाते काम संपताच बंद केले.

नियंत्रण कक्षाची निवड करताना माहितीपत्रकातील ‘चोवीस तास नजर’ या शब्दांमागे काय आहे, हे विचारून घेणे मला आवश्यक वाटले. तेथे कोणीही आमच्या फाटकाकडे रात्रभर टक लावून बसत नाही. पडद्यांच्या भिंतीवर कोणाचेही लक्ष तासन्‌तास टिकत नाही. कॅमेऱ्यातील विश्लेषण प्रणालीला ठरवून दिलेल्या रेषेत किंवा क्षेत्रात माणूस अथवा वाहन आढळले की सूचना जाते, आणि मगच ऑपरेटर त्या काही सेकंदांची चित्रफीत व थेट दृश्य पाहतो. हे कळल्यावर माझे प्रश्नही बदलले. एका पाळीत एक ऑपरेटर किती आवारे सांभाळतो? सूचनांची रांग लागली तर आधी कोणती पाहतो? ‘तीस सेकंदांत प्रतिसाद’ हा वेळ घटनेपासून मोजायचा, सूचना पडद्यावर उमटल्यापासून की ऑपरेटरने ती उघडल्यापासून? एका कंपनीने शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तीन पत्रांत तीन प्रकारे दिले. तिला आम्ही वगळले.

सर्वांत किचकट टप्पा त्यानंतरचा होता. देखरेख सुरू झाल्यावर पहिल्या काही रात्री सूचनांचा पाऊस पडला. फडफडणारी ताडपत्री, बाहेरच्या रस्त्यावरून वळणाऱ्या गाड्यांचे झोत, मांजर, भिंतीवर पडणाऱ्या सावल्या ही कारणे अपेक्षित होती. कोळी मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हता. अवरक्त दिव्याभोवती कीटक जमतात, कीटकांसाठी कोळी लेन्सवरच जाळे विणतो, आणि अवघ्या काही सेंटीमीटरवरचा त्याचा पाय पडद्यावर दांडक्याएवढा पांढरा दिसतो. खोट्या सूचनांचा धोका त्रासापुरता नसतो; ऑपरेटरला त्या न पाहता बंद करण्याची सवय लागते, आणि खरी सूचनाही त्याच वेगाने बंद होते. म्हणून संवेदनशीलता सरसकट कमी करण्याचा सोपा मार्ग मी नाकारला. प्रत्येक कॅमेऱ्याच्या सूचना कारणानुसार वेगळ्या करून त्यावर स्वतंत्र उपाय केले : रस्त्याचा भाग क्षेत्रातून वगळला, जवळच्या आणि दूरच्या माणसाचा किमान आकार वेगळा ठरवला, ताडपत्र्या बांधून घेतल्या आणि कोळ्यांच्या ठिकाणी अवरक्त दिवा कॅमेऱ्यापासून दूर खांबावर नेला. प्रत्येक बदलानंतर एका सहकाऱ्याला त्या भागातून उभे, वाकून आणि भिंतीच्या कडेने चालायला लावले, कारण खोट्या सूचना थांबवताना खऱ्याही थांबल्या नाहीत ना, हे तपासण्याचा दुसरा भरवशाचा मार्ग मला दिसला नाही.

सूचना खरी निघाली तर पुढे काय, हे कागदावर उतरवायला तंत्रज्ञानापेक्षा अधिक वेळ गेला. आधी भोंग्यावरून इशारा द्यायचा. तो ध्वनिमुद्रित नसावा, ‘निळा शर्ट घातलेले, मागच्या शटरजवळ उभे असलेले गृहस्थ’ असा नेमका असावा, म्हणजे आपण खरोखर दिसतो आहोत हे समोरच्याला उमगते. त्यानंतर कोणाला फोन करायचा, त्याने उचलला नाही तर कोणाला, पोलिसांना कोणत्या टप्प्यावर कळवायचे, उशिरा आलेल्या कर्मचाऱ्याने ओळख कशी पटवायची, आणि कोणी धाकाखाली बोलत असेल तर त्याने कोणता शब्द उच्चारायचा, हे सर्व ठरवले. कॅमेऱ्याचा संपर्क तुटणे, लेन्स झाकली जाणे किंवा तिची दिशा बदलणे, हीसुद्धा सूचनाच मानायची, असे त्यात लिहिले.

कर्मचाऱ्यांशी बोलणे मी शेवटासाठी ठेवले नाही. कॅमेरे कोठे आहेत, फुटेज किती दिवस राहते आणि ते कोण पाहू शकते, याचे फलक लावले. कपडे बदलण्याच्या आणि जेवणाच्या खोलीत कॅमेरा नसेल आणि आवाज मुद्रित होणार नाही, हेही स्पष्ट केले. मध्येच एका विभागप्रमुखांनी कोण किती वेळ चहाला जातो, याची नोंद कॅमेऱ्यांवरून काढण्याची मागणी केली. मी ती मान्य केली नाही. सुरक्षेच्या नावाने बसवलेली यंत्रणा हजेरीसाठी वापरली की लोक कॅमेरे चुकवायला शिकतात, आणि मग सुरक्षेचेही काम बिघडते.

यंत्रणा स्थिरावल्यानंतर एका रात्री मागच्या भिंतीवरून दोघे आत उतरले. ऑपरेटरने त्यांच्या कपड्यांचा उल्लेख करून इशारा दिला आणि ते आले त्याच वाटेने निघून गेले. गोदामाच्या शटरला हातही लागला नाही. त्या रात्रीचे फुटेज पोलिसांना देताना ते मूळ स्वरूपातच काढले, त्याचे हॅश मूल्य (फाइलमध्ये जरा जरी बदल झाला तरी बदलणारा तिचा ओळख-आकडा) नोंदवले आणि रेकॉर्डरची वेळ प्रमाणवेळेशी जुळलेली असल्याची खातरजमा लिहून दिली. सर्व कॅमेऱ्यांची घड्याळे एनटीपी या नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या पद्धतीने एकाच वेळेला बांधलेली होती, त्यामुळे भिंतीवरचे आणि आवारातले दृश्य सेकंदानिशी जुळले.

आता दर महिन्याला प्रत्येक कॅमेऱ्याचे ताजे चित्र बसवल्या दिवशीच्या चित्राशेजारी ठेवून पाहिले जाते. धुळीने मंदावलेली काच, वाढलेली फांदी आणि नकळत हललेला कॅमेरा त्यातूनच सापडतात. याशिवाय नियंत्रण कक्षाला न कळवता आमच्यापैकी कोणीतरी रात्री कुंपणाची रेषा ओलांडतो, आणि भोंगा वाजेपर्यंतचा वेळ नोंदवहीत लिहितो. कराराचे नूतनीकरण करताना या नोंदवहीतला वेळच प्रतिसादाचा वेळ मानला जाईल, असे कलम मी घालून घेतले आहे.