टीटीवाय-यूएसबी-झिरो हे नाव नव्हे, तो नंबर आहे

माझ्याकडे चोवीस तास चालू राहणारं एक छोटं लिनक्स मशीन आहे. त्याला दोन यूएसबी-सिरीयल केबल लावलेल्या आहेत. एकीवर तापमान आणि आर्द्रता मोजणारा सेन्सर आहे, दुसरीवर यूपीएस. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, जी केबल आधी सापडेल ती टीटीवाय-यूएसबी-झिरो (ttyUSB0), नंतरची वन. मशीन रीबूट झालं की हा क्रम तसाच राहील याची हमी कुणीच देत नाही. म्हणून स्क्रिप्टमध्ये ‘झिरो’ असं थेट लिहिणं मला पटत नाही. कर्नलनं दिलेला तो रांगेतला नंबर आहे, त्याला नाव कसं म्हणायचं?

यात कर्नलचं काही चुकत नाही. नवीन सिरीयल पोर्ट आलं, त्याचा मेजर नंबर (कोणता ड्रायव्हर) १८८ आणि मायनर (त्याचं कितवं उपकरण) अमुक, एवढंच त्याला ठाऊक. त्या तारेच्या पलीकडे काय आहे, ते मला ठाऊक. म्हणून नाव मी द्यायचं, आणि ते युजरस्पेसमध्ये, म्हणजे कर्नलच्या बाहेर, द्यायचं. उपकरणांना नावं देणाऱ्या यूडेव्ह (udev) या प्रोग्रामची ही भूमिका मला मनापासून आवडते.

आधी असं नव्हतं. कर्नलच्या २.४ आवृत्तीच्या काळात उपकरणांसाठी डेव्ह-एफएस ही फाइलसिस्टम होती आणि त्यात नावं ठरवायचं काम कर्नलच्या आतच चालायचं. २००३ साली ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी यूडेव्ह आणलं. उपकरणांची माहिती सिस-एफएस या आभासी फाइलसिस्टममध्ये मांडणं कर्नलकडे, आणि त्या माहितीवरून नाव ठरवणं बाहेरच्या प्रोग्रामकडे, अशी ती वाटणी होती. २.६.१८ मध्ये डेव्ह-एफएस कर्नलमधून काढूनच टाकलं. पुढे २.६.३२ मध्ये डेव्ह-टीएमपीएफएस आलं आणि नोड, म्हणजे उपकरणाची डेव्ह फोल्डरमधली फाइल, तयार करायचं काम पुन्हा कर्नलकडे गेलं. पण परवानग्या, ग्रुप आणि सिमलिंक (त्याच नोडकडे नेणारं दुसरं नाव) यूडेव्हकडेच राहिले. २०१२ मध्ये यूडेव्ह सिस्टमडीत (सर्व्हिस सुरू करणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये) सामील झालं, तरी रूल, म्हणजे कोणत्या उपकरणाला काय करायचं ते सांगणारी ओळ, लिहायची पद्धत तीच राहिली.

आता प्रत्यक्ष रूलकडे येऊ. आधी ‘यूडेव्ह-एडीएम इन्फो’ या कमांडला ॲट्रिब्यूट-वॉकचा पर्याय आणि नोडचं नाव देऊन चालवा. आधी ते उपकरण, मग त्याचा पालक (ते ज्याला जोडलेलं आहे ते उपकरण), मग पालकाचा पालक, अशी पूर्ण साखळी समोर येते. हे आउटपुट शांतपणे वाचा. माझ्या सेन्सरच्या केबलमध्ये एफटीडीआय कंपनीची चिप आहे. वरच्या एका पालकापाशी व्हेंडर ०४०३, प्रॉडक्ट ६००१ आणि एक सिरीयल क्रमांक दिसतो. हे तिन्ही एकाच पालकाचे आहेत, आणि इथेच अनेकांचा रूल अडतो: उपकरणाच्या स्वतःच्या खुणांसोबत (ॲट्रिब्यूट) पालकांपैकी फक्त एकाच पालकाच्या खुणा वापरता येतात. इंटरफेस क्रमांक एका पायरीवरचा आणि सिरीयल दुसऱ्या पायरीवरचा घेतला, की तो रूल कधीच जुळत नाही, आणि एररही येत नाही.

माझा रूल एका ओळीचा आहे. सबसिस्टम टीटीवाय असेल आणि वरच्या तिन्ही खुणा जुळल्या, तर ‘तापमान’ अर्थाची सिमलिंक जोड. जुळवताना दोन बरोबर चिन्हं, जोडताना अधिक-बरोबर. नुसतं एक बरोबर लिहिलं तर आधीच्या रूल्सनी दिलेल्या सिमलिंक पुसल्या जातात, आणि बाय-आयडीसारख्या (उपकरणाच्या ओळखीवरून आपोआप बनणाऱ्या) उपयोगी वाटा फुकट जातात. फाइल एटसीमधल्या यूडेव्हच्या रूल्स-डी फोल्डरमध्ये ठेवायची. सगळ्या फोल्डरांतल्या फाइली नावाच्या क्रमानं एकत्र वाचल्या जातात, म्हणून मी तिच्या नावाची सुरुवात ९९ नं केली आहे. मग ‘यूडेव्ह-एडीएम कंट्रोल’ला रीलोड सांगायचं, नंतर ‘ट्रिगर’. रीबूटची गरज नाही.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. मूळ नोडचं नाव यूडेव्ह बदलत नाही, ती सवलत फक्त नेटवर्क इंटरफेसला आहे. डिस्क असो की सिरीयल पोर्ट, तुम्ही देता ती सिमलिंकच असते, आणि तेवढी पुरते.

यूपीएसची गोष्ट जरा वेगळी आहे. त्या केबलमध्ये सीएच-३४० चिप आहे आणि तिला सिरीयल क्रमांकच नाही. अशा दोन केबल एकाच मशीनला लावल्या तर खुणांवरून त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत. तिथे मी आयडी-पाथ वापरतो, म्हणजे उपकरण कोणतं यापेक्षा ते कोणत्या पोर्टात आहे यावर नाव ठरतं. केबल दुसऱ्या पोर्टात गेली की नाव सुटतं, म्हणून त्या पोर्टावर चिठ्ठी चिकटवलेली आहे.

रूलमधून स्क्रिप्टही चालवता येते, पण सेन्सर सतत वाचत बसणारी स्क्रिप्ट तिथून सुरू करू नका. रूलचं काम आटोपलं की यूडेव्ह तिलाही मारून टाकतं. उपकरणाला सिस्टमडीचा टॅग द्या आणि हवी ती सर्व्हिस रूलमधल्या सिस्टमडी-वॉन्ट्स या व्हेरिएबलमध्ये लिहा. केबल जोडली की सर्व्हिस सुरू होईल आणि तिला हवी ती वाट तयार असेल.