हातउसने, हुकूमनामा आणि चोवीस पगार

राज्य शासनाच्या एका कार्यालयात लिपिक असलेल्या परिचिताला मी हातउसने दिलेले 2,40,000 रुपये दिवाणी दाव्यातून माझ्या बाजूने मान्य झाले, तेव्हा प्रकरण संपले असे मला वाटले होते. प्रत्यक्षात हुकूमनामा म्हणजे पैसे मागण्याचा अधिकार तेवढा असतो, आणि पैसे हाती येण्यासाठी वेगळी दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करावी लागते. लिमिटेशन कायद्याप्रमाणे तिला 12 वर्षांची मुदत असली तरी वकिलांनी मला थांबू दिले नाही. त्याचे कारण साधे होते. शासकीय नोकराचा भविष्य निर्वाह निधी आणि निवृत्तीनंतर मिळणारे उपदान (ग्रॅच्युइटी) व पेन्शन जप्त करता येत नाही. म्हणजे वसुलीसाठी पगार हाच भरवशाचा मार्ग, तोही माणूस नोकरीत आहे तोवरच.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 48 खाली आम्ही पगार जप्तीची मागणी केली. तोपर्यंत खर्च आणि व्याज धरून येणे 2,90,000 रुपयांवर गेले होते. कलम 60 नुसार पगारातील पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग जप्तीतून मुक्त असतो, म्हणजे एक तृतीयांश भाग आपल्या वाट्याला येतो. (पोटगीच्या हुकूमनाम्याला वेगळे माप आहे, तिथे केवळ एक तृतीयांश पगार सुरक्षित राहतो.) त्याचा एकूण पगार 63,000 रुपये असल्याचे मला ठाऊक होते, म्हणून घरी बसून मी दरमहा 20,666 रुपयांचा हिशेब मांडला आणि चौदा-पंधरा महिन्यांत मोकळी होईन अशी समजूत करून घेतली.

कार्यालयाच्या विवरणपत्राने ती समजूत मोडली. शासनाने अधिसूचनेद्वारे जप्तीतून वगळलेले भत्ते बाजूला काढल्यावर हिशेबाला उरत होते 34,000 रुपये. त्यातून 1,000 वजा केले की 33,000, आणि त्याचा तिसरा हिस्सा 11,000. हप्ता लहान आहे याचे मला एवढे वाईट वाटले नसते, पण कलम 60 मध्येच दुसरी अट आहे आणि माझ्या मते ती दरखास्त करण्याआधीच वाचायला हवी. एकाच हुकूमनाम्यासाठी पगाराची जप्ती, सलग असो वा तुटक, एकूण 24 महिने चालली की त्या हुकूमनाम्यापुरता तो पगार कायमचा मुक्त होतो. चोवीस गुणिले अकरा हजार म्हणजे 2,64,000. माझे येणे त्याहून अधिक होते आणि मुद्दलावर वर्षाला 6 टक्के व्याज पुढे चालूच होते.

न्यायालयाचा आदेश त्याच्या कार्यालयातील आहरण व संवितरण अधिकाऱ्यांच्या, म्हणजे पगार काढून वाटणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, नावे निघाला. मी चौकशीला गेले तेव्हा आस्थापना शाखेतील लिपिकाने वेतन देयकाची प्रत माझ्यासमोर ठेवली आणि पतसंस्थेचे दोन हप्ते, विमा, निधी यांवरून पेन्सिल फिरवत तळाच्या आकड्यावर आणून थांबवली. "मॅडम, यांच्या हातात महिन्याला चौदा हजार पडतात. त्यातून अकरा हजार कापले तर माणूस खाणार काय?" प्रश्न माणुसकीचा होता आणि मला त्याला पटकन उत्तर देता आले नाही. कायद्याचे उत्तर मात्र स्पष्ट होते. कलमाच्या स्पष्टीकरणात वेतन म्हणजे मुक्त भत्ते वगळून मिळणारे एकूण मासिक वेतन, मग कर्मचारी कामावर असो वा रजेवर. त्याने स्वतःहून काढलेल्या कर्जांचे हप्ते त्यातून आधी वजा होत नाहीत. दोन महिने कपात झाली नाही, तेव्हा वकिलांनी अर्ज देऊन नियम 48 कडे न्यायालयाचे लक्ष वेधले. आदेश डावलून कर्मचाऱ्याला रक्कम दिली, तर तिची जबाबदारी शासनावर येते, असे तो नियम सांगतो. न्यायालयाची नोटीस पोहोचली आणि त्यापुढच्या देयकात 11,000 रुपयांची ओळ दिसली.

त्यानंतर पैसे दरमहा न्यायालयात जमा होत गेले आणि मी तीन-चार महिन्यांनी अर्ज करून नाझरांकडून, म्हणजे न्यायालयातील पैशांचे व्यवहार पाहणाऱ्या अधिकाऱ्यांकडून, ते उचलत राहिले. जुलैच्या वेतनवाढीनंतर हप्ता काहीशे रुपयांनी वाढला, तो माझ्या दृष्टीने बोनसच होता. मध्येच त्याची दुसऱ्या तालुक्यात बदली झाली आणि बदलीच्या वेळी नव्या कार्यालयाला जाणाऱ्या अंतिम वेतन प्रमाणपत्रात या कपातीची नोंद करायची राहिली. बदलीमुळे आदेश संपत नाही हे नव्या कार्यालयाला पटवण्यात पुन्हा दोन पगार कोरडे गेले. हे कोरडे महिने चोवीसात मोजले जातील की काय, याचीच मला धास्ती होती. ज्या महिन्यांत प्रत्यक्ष कपात झाली तेवढेच न्यायालयाने धरले, म्हणून मी वाचले. कोणत्या महिन्याची रक्कम कधी जमा झाली, याची स्वतःची वही ठेवल्याचा उपयोग इथे झाला.

चोविसावा हप्ता जमा झाला तेव्हा सुमारे 40 हजार रुपये बाकी होते. त्याच्या दुचाकीच्या जप्तीचा अर्ज आम्ही तयार केला होता, पण तो देण्याआधीच त्याचा फोन आला. उरलेली रक्कम घरी आणून देतो म्हणाला. मी नको म्हटले, कारण न्यायालयाबाहेर दिलेली रक्कम आदेश 21, नियम 2 प्रमाणे नोंदवली नाही तर अंमलबजावणी करणारे न्यायालय ती धरत नाही, आणि मग त्याने दिले की नाही यावर नवा वाद उभा राहतो. त्याने दोन टप्प्यांत न्यायालयात पैसे भरले. पूर्ण भरपाई झाल्याच्या पुरसीसवर, म्हणजे न्यायालयात द्यायच्या लेखी निवेदनावर, मी सही केली आणि दरखास्त निकाली निघाली. बाहेर आल्यावर त्याने मला एवढेच विचारले की, जप्ती उठल्याचे पत्र कार्यालयात कधी पोहोचेल. टपालाने पंधरा दिवस लागतील असे कळले, तेव्हा त्याने परवानगी घेऊन ते स्वतःच हाती नेले.