ओट्सची कुकी आणि टिकली लावलेले डबे

गेल्या रविवारी सोलापूरहून माझ्या चुलत बहिणीचा फोन आला. तिच्या धाकट्याला, सहा वर्षांच्या मुलाला, सिलिॲक निघालाय, म्हणजे गहू न चालण्याचा आजार. ताईचं रडून झालं होतं, आता तिला कामाला लागायचं होतं. "तुझी लेक ती चॉकलेटची बिस्किटं खाते ना, त्यांची कृती पाठव. वर्गात सगळ्यांच्या डब्यात बिस्किटं असतात गं." पाठवते म्हटलं आणि लिहायला बसले, तर लक्षात आलं की कृती चार ओळींची आहे आणि तिच्याआधी सांगायचं ते पानभर. ताईसारख्या आणखी कुणाला उपयोगी पडेल, म्हणून इथंच लिहितेय.

आम्ही कॅनडात सास्काटूनला राहतो. लेक पाच वर्षांची असताना तिचं वजन वाढायचं थांबलं, पोट फुगलेलं असायचं, हिमोग्लोबिन काही केल्या वर येईना. वर्षभर आम्हाला "वाढत्या वयात होतं असं" एवढंच ऐकायला मिळालं. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी करायला लावली, मग एंडोस्कोपी झाली आणि नाव कळलं, सिलिॲक. गहू, बार्ली आणि राय नावाचं धान्य यांतलं ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेलं की शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच लहान आतड्याच्या अस्तरावर उठते. त्यावर गोळी नाही. ती धान्यं जन्मभर बंद, एवढाच उपाय.

ताई, यातली एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. सख्ख्या भावंडांची तपासणी करायला सांगतात, कारण हे घराण्यात चालतं. तर थोरलीची तपासणी होईपर्यंत तिची चपाती बंद करू नकोस. गहू सोडल्यावर रक्तातल्या खुणा हळूहळू पुसल्या जातात आणि मग तपासणीत काही दिसत नाही. घरात एकदम सगळ्यांचाच गहू बंद करायचा मोह होतो, मलाही झाला होता.

"आमच्या वेळी नव्हतं हे असलं काही," असं आई फोनवर म्हणाली होती. होतं, फक्त कशानं होतं ते ठाऊक नव्हतं. नेदरलँड्समधले मुलांचे डॉक्टर विलेम डिके यांनी गव्हाकडे बोट दाखवलं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथं दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, तेव्हा बाकीची मुलं खंगत असताना ही आजारी मुलं सुधारत होती. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये त्यांचा प्रबंध आला. म्हणजे माझ्या आजीची मुलं लहान होती तोवर जगात कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं की दोष चपातीत आहे.

आता ओट्सकडे येते. आमचं सास्काचेवान म्हणजे ओट्सचं माहेरघर, कॅनडातले सगळ्यात जास्त ओट्स याच प्रांतात पिकतात. ऑगस्टच्या शेवटी गावाबाहेर गाडी काढली की एका बाजूला गहू, पलीकडे बार्ली, मध्ये ओट्स, आणि दुरून सगळंच सारखं सोनेरी. ओट्समध्ये गव्हाचं ग्लुटेन नसतं, त्यातलं प्रथिन वेगळं, ॲव्हेनिन नावाचं. सिलिॲकच्या बहुतेक लोकांना ते सोसतं, थोड्यांना नाही. पण गोची शेतातच होते. गेल्या वर्षी त्याच रानात गहू होता, त्याचे पडलेले दाणे यंदा ओट्समध्ये उगवतात. कापणीचं मशीन तेच, ट्रक तोच, पत्र्याची कोठी तीच. म्हणून साध्या पाकिटातले ओट्स सिलिॲकच्या माणसाला चालत नाहीत, त्यावर कितीही "पौष्टिक" लिहिलेलं असो. ऑस्ट्रेलियात तर ओट्सच्या पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहायलाच परवानगी नाही. कॅनडानं २०१५ पासून ती दिली, पण खास वेगळे काढलेले ओट्स असतील तरच. त्यात दोन तऱ्हा आहेत. एका तऱ्हेत बी-बियाण्यापासून कोठीपर्यंत सगळंच वेगळं सांभाळतात. दुसऱ्या तऱ्हेत साधेच ओट्स घेऊन मशीन रंग-आकार पाहून गव्हाचे दाणे बाहेर काढतं. मी पहिलेच घेते. महाग पडतात, पण माझा जीव त्यांच्यावरच बसलाय.

आई दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात इथं आली होती. तिला हा महागाचा प्रकार पटेना. "त्यात काय, निवडून घेऊ की," म्हणाली आणि साध्या ओट्सचं पाकीट परातीत ओतून खिडकीपाशी बसली. जन्मभर ज्वारी-तूर निवडलेली बाई. पण ओट्स आपल्याकडे येतात तेच मुळी वाफवून, लाटून चपटे केलेले. तिनं एक चकती तळहातावर घेतली, चष्मा वर केला, उजेडाकडे धरली. जरा गडद होती, मधोमध चीर होती. दुसरी घेतली, तिलाही तशीच चीर. "हा गहू का ओट?" तिनं मला विचारलं आणि मलाही सांगता येईना. मग आम्ही दोघींनी गणित मांडलं. ग्लुटेन-फ्रीची मर्यादा इथं आणि भारतातही तीच आहे, किलोला २० मिलिग्रॅम ग्लुटेन. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा, त्यात ग्लुटेन अंदाजे दहावा हिस्सा, म्हणजे ४ मिलिग्रॅम. अख्ख्या किलोत गव्हाचे पाच दाणे आले की मर्यादा संपली. आईनं परात उचलली आणि ते ओट्स आमच्या दोघांच्या खिचडीसाठी वेगळ्या बरणीत भरले. त्यानंतर किमतीबद्दल ती एक अक्षर बोलली नाही.

उलट तिनंच मला कामाची गोष्ट दिली. लहानपणी ती ओरडायची, खरकट्या हातानं डब्याला हात लावू नको. आता आमच्या घरात तोच नियम आहे, फक्त खरकटं म्हणजे गहू. नवऱ्यानं पोळपाटावर चपाती लाटली की हात धुतल्याशिवाय कुणी लेकीच्या डब्यांना शिवत नाही. लाकडी चमचे, चाळणी, तवा तिचे वेगळे, कारण लाकडाच्या रेघांत आणि जाळीत पीठ अडकतं ते निघत नाही. लोण्याची डबी वेगळी, कारण पाव लावलेली सुरी त्यात बुडते. आईनं स्वतःच्या पाकिटातल्या लाल टिकल्या काढून लेकीच्या प्रत्येक डब्याच्या झाकणावर एकेक लावली. लेकीला तेव्हा वाचता येत नव्हतं, टिकली ओळखता येत होती. अजून आहेत त्या.

ताई, तुझ्या स्वयंपाकघरात आधी हिंगाची डबी बघ. मला हे कळायला तीन महिने लागले. बाजारातला खडा नसलेला हिंग म्हणजे हिंग, डिंक आणि बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा. फोडणीत, लोणच्यात, पापडात सगळीकडे तो असतो. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, पाकिटावर वाचून घे. थालिपिठाच्या भाजणीत गहू असतो. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी, तो माल्ट बार्लीचा. आणि गिरणी. आपल्या सोलापूरकडे तर भाकरीचा आधार, लोक तुला म्हणतील भाकरी खाऊ घाल, झालं. भाकरी उत्तमच, पण ज्वारीच्या आधी गिरणीत कुणाचा गहू दळून गेला ते जात्यालाच ठाऊक. घरगुती चक्की घे आणि तिच्यात गहू कधीच घालू नको. मालदांडी ज्वारी मिळते तुला घराजवळ, मला इथं त्या पिठासाठी जीव टाकावा लागतो.

मग ज्वारीचं पीठ कुठून आणते मी? हीच गंमत, इथल्या साध्या दुकानातल्या ग्लुटेन-फ्रीच्या कप्प्यात ते सॉर्गम या नावानं मिळतं आणि इथले लोक त्याचे केक, ब्रेड करतात. भाकरीला ते तितकं बरं नाही, पण कुकीत फार छान लागतं. बिलं मी जपून ठेवते. सिलिॲकचं डॉक्टरांचं पत्र असेल तर साध्या पदार्थापेक्षा जेवढे जास्त पैसे पडले तेवढी रक्कम इथं वैद्यकीय खर्च म्हणून करात दाखवता येते. पावती एवढीशी, पण दरवर्षी मार्चमध्ये टेबलभर पसरून बसावं लागतं.

आता कुकी. पहिल्यांदा केली तेव्हा मी नुसतं तांदळाचं पीठ घातलं. दाताखाली कचकच, आणि ट्रेवर सगळ्या कुकींची मिळून एकच चादर. लेकीनं ती तोडून वाटीत घेतली, दूध घालून खाल्ली आणि "पुढच्या वेळी गोल कर" म्हणाली. पुढच्या पाच-सहा खेपांत जे कळलं ते असं, की कुकी हा प्रकार गव्हाविना जमण्यासारखाच आहे. पावाला ग्लुटेनचा ताण लागतो, कुकीला तो नकोच असतो. आपली नानकटाई आठव. फक्त पीठ धरून ठेवायला काहीतरी हवं आणि पिठाला पाणी प्यायला वेळ हवा. धरायला मी चमचाभर इसबगोल घालते. हो, तेच, घरातल्या औषधाच्या कप्प्यातलं. आणि वेळ म्हणजे मुरणं. ओट्स सावकाश ओल पितात. लगेच भाजलं तर लोणी आधी वितळून पसरतं आणि पीठ मागं राहतं. तासभर फ्रीजमध्ये मुरलं की गोळा घट्ट होतो, आणि रात्रभर मुरलं तर चवीत खमंगपणा येतो, भाजणी जुनी झाल्यावर येतो तसा.

प्रमाण वजनानंच घे, वाट्यांनी नको, कारण ही पिठं दाबली तर दीडपट बसतात. ११५ ग्रॅम लोणी खोलीच्या तापमानाला, बोट दाबलं तर खड्डा पडेल इतपत मऊ, वितळलेलं नाही. त्यात १५० ग्रॅम ब्राऊन शुगर आणि ४० ग्रॅम साधी साखर घालून हलकं होईतो फेस. ब्राऊन शुगरच्या जागी गुळाची पावडर चालते, रंग गडद येतो. मग एक अंडं, आणखी एका अंड्याचा पिवळा बलक आणि चमचाभर व्हॅनिला. तुमच्याकडे अंडं चालत नसेल तर जवस कुटून एक मोठा चमचा घे, तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजव, बुळबुळीत झालं की घाल, पिवळ्या बलकाच्या जागी दोन चमचे दूध. कुकी जरा मऊ होईल, बाकी काही बिघडत नाही. कोरड्यात १०० ग्रॅम ओट्स मिक्सरमधून पीठ करून, १०० ग्रॅम तसेच अख्खे, ४० ग्रॅम ज्वारीचं पीठ, इसबगोल एक चहाचा चमचा, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, अर्धा चमचा मीठ. मीठ कमी करू नको, चॉकलेट त्यानंच खुलतं. शेवटी १७० ग्रॅम चॉकलेटचे तुकडे. त्यांचंही पाकीट वाच, काहींत बार्लीचा माल्ट असतो.

मुरलं की लिंबाएवढे गोळे कर, बावीसेक होतात. ट्रेवर लांब लांब ठेव आणि १७५ अंशांवर दहा ते बारा मिनिटं. कडा सोनेरी आणि मधला भाग अजून कच्चा, ओलसर दिसतोय, तेव्हाच बाहेर काढायच्या. इथंच हात कचरतो. अजून दोन मिनिटं ठेवावं वाटतं, पण ठेवू नको. गरम ट्रेवर त्या आतून शिजत राहतात. त्या वेळी उचलायला गेलीस तर चुरा होईल, दहा मिनिटं ट्रेवरच राहू दे. कडेला सोनेरी रंग फुटला की आधी लोण्याचा, मग भाजलेल्या ओट्सचा वास येतो, आणि तो दुसरा वास हवेत आला की माझी लेक वरच्या मजल्यावरून खाली उतरते.

तुला ओट्सची इतक्यात घाई नाही हेही सांगते. आम्हाला डॉक्टरांनी सुरुवातीचे काही महिने ओट्सही थांबवायला सांगितले होते, रक्ताचे आकडे उतरू लागल्यावर थोडे थोडे सुरू केले. तुमच्या डॉक्टरांना विचारूनच चालू कर. त्या महिन्यांत मी अख्ख्या ओट्सच्या जागी जाडे पोहे कोरडे भाजून हातानं चुरून घालायचे आणि ओट्सच्या पिठाऐवजी ज्वारीचंच वाढवायचे. ती कुकी जास्त कुरकुरीत होते. खरं सांगू, माझ्या नवऱ्याला अजून तीच आवडते.

वाढदिवसांना लेक स्वतःचा डबा घेऊन जाते. पहिल्या वर्षी दारातून आत जाताना तो डबा तिनं कोटाखाली धरला होता, मी गाडीत बसून पाहिलं होतं. या फेब्रुवारीत, बाहेर उणे तीस असताना, एका मैत्रिणीच्या आईनं निरोप धाडला की तुमच्या त्या कुकी जास्तीच्या पाठवाल का, मागच्या वेळी बाकीच्यांना पुरल्या नाहीत. मी दोन खेपा केल्या. डब्यावर टिकली होती.

तर ताई, सामान आण आणि आधी हिंगाची डबी बदल. सास्काचेवानात घड्याळं पुढंमागं करत नाहीत, त्यामुळे आपल्यात बारा महिने साडेअकरा तासांचाच फरक. शनिवारी रात्री इथले साडेनऊ म्हणजे तुझे रविवार सकाळचे नऊ. पीठ आदल्या रात्री मळून मुरत ठेव, मी फोनवर असेन. पहिल्या ट्रेत चारच लाव, तुझा ओव्हन कसा तापतो ते कळेल. आणि लेक म्हणतेय की टिकल्या ती पाठवणार आहे, धाकट्याला कुठला रंग हवा ते विचारून ठेव.