खळ्यातली रांगोळी आणि दोन अवस्थांचं यंत्र

दिवाळीआधी खळं चोपून, सारवून झालं की ठिपक्यांच्या कागदाने 16 बाय 16 ठिपके टाका. वरची आडवी आणि डावीकडची उभी ओळ पूर्ण भरा. बाकी सगळीकडे एकच नियम: वरचा आणि डावीकडचा शेजारी बघायचा, दोघांतला नेमका एक भरलेला असेल तर भरायचं, नाहीतर सोडायचं. त्रिकोणात त्रिकोण उमटत जातात. छंदशास्त्राचा टीकाकार हलायुध याने दहाव्या शतकात सांगितलेला मेरुप्रस्तारच (आजचा पास्कलचा त्रिकोण) हा, फक्त सम-विषम बघून तिरका मांडलेला.

पद्धत सोपी, पण घातकी. दुसऱ्या ओळीतला दुसराच ठिपका चुकून भरला, तर तो धरून 79 ठिपके उलटे पडतात. कारण चूकसुद्धा त्याच नियमाने खाली आणि उजवीकडे पसरते. तिचाही एक मेरुप्रस्तार होतो. नवव्या ओळीतल्या नवव्या ठिपक्यावर चुकलात तर नुकसान 27 ठिपक्यांचं.

म्हणून शेजारी न बघता तपासता आलं पाहिजे. ओळी आणि रकाने 0 पासून मोजा. दोन्ही क्रमांक द्विमान पद्धतीत, चार-चार अंकांत, एकाखाली एक लिहा आणि जोड्या वाचत चला. (1, 1) अशी जोडी भेटली की ठिपका रिकामा, पुढचं वाचूच नका. शेवटपर्यंत भेटली नाही तर भरलेला. 5 म्हणजे 0101, 10 म्हणजे 1010: भरलेला. 6 म्हणजे 0110, 3 म्हणजे 0011: रिकामा. झालं, हेच फायनाइट ऑटोमेटॉन, म्हणजे मोजक्या अवस्थांचं यंत्र; इथे अवस्था दोनच. दर स्थानी तीनच जोड्या चालतात, म्हणून 256 पैकी 3 × 3 × 3 × 3 = 81 ठिपके भरायचे. मोजणी 1 पासून केलीत तर वरची ओळच एकाआड एक रिकामी निघेल. तिथेच चूक पकडा.

आता गुलाल घ्या. वर-डावीकडचा तिरका शेजारीही धरा, तिघांची बेरीज करून 3 ने भागा: बाकी 0 रिकामा, 1 पांढरा, 2 गुलाली. (2 ने भागाल तर अख्खं खळं भरतं, मजाच जाते.) कडेच्या दोन्ही ओळी पांढऱ्या. क्रमांक 3 च्या पायात, म्हणजे 0, 1, 2 या तीनच अंकांत लिहा. सुरुवात पांढऱ्याने, (1, 1) आली की रिकामा, (1, 2) किंवा (2, 1) आली की रंग बदला, बाकी जोड्या सोडून द्या. 5 म्हणजे 12, 7 म्हणजे 21: रंग दोनदा बदलला, परत पांढरा. 9 बाय 9 मध्ये 64 ठिपके रंगतात, मधोमध 3 बाय 3 चं भोक राहतं.

मेरुप्रस्तारालाच 6 ने भागायला गेलात तर मात्र कुठलाही एक पाया पुरत नाही. 2 च्या पायाचं एक आणि 3 च्या पायाचं एक, अशी दोन यंत्रं चालवून उत्तरं जुळवावी लागतात.