हलकी रोडस्टर की बॉक्सस्टर: जळगावात बसून केलेली निवड

दोन गाड्या यादीत उरल्या होत्या. पहिली हलकी दोन सीटर: चौकोनी पाइपांचा सांगाडा, वर फायबरची बॉडी, घडण जुन्या लोटस सेव्हनची. दुसरी 987 पिढीतली वापरलेली पोर्शे बॉक्सस्टर. किमतीत दुपटीहून जास्त फरक होता, पण निर्णय किमतीवर अडला नाही. तो आधी आरसी बुकावर अडला, मग रेडिएटरवर आणि शेवटी टायरच्या मापावर.

सेव्हन लोटसने 1957 मध्ये आणली. 1973 पासून तिचे हक्क केटरहॅमकडे आहेत. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार गाडीवर विक्रीकर लागायचा, सुट्या भागांच्या संचावर लागायचा नाही. संचासोबत जोडणीची पुस्तिका दिली तर मात्र कर लागू व्हायचा. म्हणून कंपनी गाडी ‘खोलायची’ कशी याची पुस्तिका द्यायची आणि लोक ती शेवटून वाचत गाडी जोडायचे. आपल्याकडे अशी पळवाट नाही. संच मागवून घरच्या शेडमध्ये गाडी जोडता येते, पण नंबर मिळत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 126 प्रमाणे नमुना गाडीची मान्यता लागते. त्या चाचण्या पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई यांसारख्या संस्था करतात आणि एका गाडीसाठी तो खर्च कुठल्याच हौशी माणसाला परवडत नाही. परदेशातली वापरलेली गाडी आणायची तर ती उजव्या स्टिअरिंगची आणि तीन वर्षांच्या आतली असावी लागते. तीन वर्षांच्या आतली सेव्हन स्वस्त नसते, वर सीमाशुल्क. हा रस्ता मी पहिल्याच आठवड्यात सोडला.

मग इथल्या इथे विकायला असलेल्या गाड्या पाहिल्या. निम्म्याहून जास्त जणांनी मारुती 800, झेन नाहीतर जिप्सीच्या आरसीवर नवा सांगाडा उभा केलेला. मालक छातीठोक सांगतो, ‘पेपर क्लिअर आहेत.’ क्लिअर असतात, पण दुसऱ्याच गाडीचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने आरसीसाठी दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. कलम 182अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दंडापेक्षा मोठा धोका विम्याचा. अपघातात समोरचा माणूस दगावला आणि सर्व्हेअरने लिहिले की आरसीवरची गाडी ही नव्हे, तर भरपाई तुमच्या शेतीवर येते.

राहिल्या त्या मोजक्या गाड्या, ज्या बनवणाऱ्याच्याच नावावर नोंदल्या गेल्या. अलिबागच्या चिंकारा मोटर्सने अँबेसेडरमधल्या 1.8 लिटर इसुझू इंजिनावर सेव्हनच्या घडणीची रोडस्टर केली, ती या जातीतली. अशी गाडी दिसली की आरसीवर चार गोष्टी बघाव्यात: मेकरचे नाव, बॉडी टाइप, चेसिस नंबर आणि अनलेडन वेट (रिकाम्या गाडीचे वजन). चेसिस नंबर सांगाड्याच्या पाइपवर ठोकलेला हवा. रिव्हेटने लावलेली पट्टी पुरावा धरू नये. इंजिन बदलले असेल तर ती नोंद आरसीवर चढलेली हवी.

वजनाची खात्री करायला एक सोपी युक्ती आहे. गाडी जिनिंगच्या भुईकाट्यावर न्या. टाकी अर्धी, आत कोणी नाही. आधी फक्त पुढची चाके चढवून पावती घ्या, मग पूर्ण गाडी. एकूण आकडा आरसीवरच्या अनलेडन वेटपेक्षा शे-दीडशे किलोने वेगळा आला, तर सांगाडा किंवा इंजिन तरी बदललेले आहे, नाहीतर आरसी दुसऱ्या गाडीची आहे. पुढच्या-मागच्या वजनाची वाटणीही त्याच पन्नास-शंभर रुपयांत कळते. ती निम्मी-निम्मी असेल तर उत्तम. पुढे साठ टक्क्यांच्या वर गेली तर इंजिन पुढे सरकवून बसवले आहे आणि वळणात नाक बाहेर पळणार.

हलकेपणाचा हिशेब लोक अर्धाच करतात. केटरहॅम सेव्हन 170 घ्या: 660 सीसीचे सुझुकी टर्बो इंजिन, 85 पीएस (अश्वशक्ती), वजन 440 किलो. म्हणजे टनामागे 193 पीएस. 987 नंतरच्या पिढीतली 718 बॉक्सस्टर 300 पीएसची, वजन 1,335 किलो, टनामागे 225 च्या आसपास. आता दोन्हींत 75 किलोची दोन माणसे बसवा. सेव्हनचे वजन 34 टक्क्यांनी वाढते, बॉक्सस्टरचे 11 टक्क्यांनी. हलकी गाडी एकट्याने चालवताना एक आणि जोडीने दुसरीच असते. शेजारी कोणी बसले की मागचे शॉकअप खाली बसतात, हेडलाइट झाडांच्या शेंड्यावर जातात आणि इंजिनाच्या तळाचा ऑइल चेंबर रस्त्याच्या जवळ येतो.

तो चेंबर हा आमच्याकडचा खरा प्रश्न. आयआरसी म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, गोलसर असावा. गावोगावी गतिरोधक होतो तो अपघातानंतर, एका रात्रीत, उरलेल्या खडीत. म्हणून बघायला जाताना एक वीट सोबत न्यावी, तिची जाडी टेपने मोजून घ्यावी (बहुधा 7 ते 9 सेंटिमीटर भरते), आणि दोघे आत बसलेले असताना ती चेंबरखालून सरकवावी. अडकली तर गाडी शहराबाहेर नेताच येणार नाही. बॉक्सस्टर या परीक्षेत पास होते, पण तिचा पुढचा ओठ घासतो. गतिरोधक तिरका घ्यावा लागतो, एक-एक चाक.

हाताने बांधलेल्या गाडीत सर्वांत जास्त त्रास वायरिंग देते. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थ (अर्थिंग) असते. फायबरमधून वीज जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला, फॅनला, पेट्रोल पंपाला सांगाड्यापर्यंत वेगळी अर्थची वायर लागते. तो जोड गंजला की इंडिकेटर लावल्यावर हेडलाइट मंद होतो आणि टेंपरेचरचा काटा उगाच वर चढतो. लोक रेडिएटर बदलतात, दोष वायरच्या टोकाला दाबलेल्या दहा रुपयांच्या थिंबलमध्ये असतो. सगळे दिवे, फॅन आणि हॉर्न एकदम चालू करून काटा हलतो का ते पाहावे. हलला तर आधी अर्थ.

त्यानंतर कूलिंग. मी हलकी गाडी मुद्दाम एप्रिलात, दुपारी दोनला बघितली. चालवून काही कळत नाही, वाऱ्यावर कुठलेही इंजिन थंड राहते. उभ्या जागी वीस मिनिटे चालू ठेवायची. फॅन लागला पाहिजे, काही वेळाने बंद झाला पाहिजे, पुन्हा लागला पाहिजे. एकदा लागून बंदच होत नसेल तर रेडिएटर लहान पडतोय किंवा निम्मा चोंदलाय, आणि भुसावळच्या मे महिन्यात तो हात टेकणार. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप, काढून टाकण्याची आपल्याकडे फार खोड आहे. ज्या इंजिनात थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करतो, तिथे तो काढला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात शिरते. म्हणजे उन्हाळ्यात जास्त तापते आणि डिसेंबरात, धुळ्याचा पारा एक आकड्यावर आला की, धड गरमही होत नाही.

ब्रेक वेगळे तपासावेत. अशा गाडीत बहुतेकदा बूस्टर नसतो, एबीएस नसते, पेडल दगडासारखे लागते. तो दोष नाही. दोष असतो तो मागच्या ड्रममध्ये. हे ड्रम जड गाडीचे असतात आणि हलक्या गाडीची मागची चाके पुढच्यांआधी जाम होतात. मोकळ्या, मातीच्या जागेवर वीस-पंचवीसच्या वेगात जोरात ब्रेक मारून मागे वळून माती बघा. ओरखडे मागच्याच चाकांचे असतील तर मागच्या लाइनवर ब्रेकचा दाब कमी करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय घाटात जाऊ नये. कन्नडचा घाट पावसात अशा गाडीला माफ करत नाही.

हलकी गाडी लिफ्टवर चढवली तेव्हा अजिंठा चौफुलीवरच्या मिस्त्रींनी वेल्डिंगवरून बोट फिरवत एवढेच विचारले, ‘भाऊ, हाई गाडी शे का खेळनं?’ पण इसुझूचे इंजिन त्यांनी टॅक्सीच्या काळात कित्येकदा खोललेले, आणि तिथेच माझे अर्धे उत्तर मिळाले. अँबेसेडरचे उत्पादन 2014 मध्ये थांबले, तरी गॅस्केट, क्लच प्लेट, वॉटर पंप अजून ट्रान्सपोर्टने येतात.

बॉक्सस्टर वाईट होती असे नाही. चालवायला ती कितीतरी सरस: छप्पर, एसी, एअरबॅग, शांत केबिन. वर्ष मात्र नीट निवडायचे. 2008 पर्यंतच्या इंजिनात आयएमएस (इंटरमीडिएट शाफ्टचे) बेअरिंग असते, ते गेले की इंजिनच जाते. 987 च्या सुरुवातीच्या बहुतेक गाड्यांत ते मोठ्या आकाराचे आहे आणि पूर्ण इंजिन फोडल्याशिवाय निघत नाही. 2009 पासूनच्या इंजिनात ते बेअरिंगच नाही, म्हणून त्याआधीची बघूच नये. मॅन्युअल असेल तर ओव्हर-रेव्हचा रिपोर्ट काढून घ्यावा. चुकीचा गिअर टाकून इंजिन किती वेळा मर्यादेपलीकडे फिरवले ते त्यात तासांसह दिसते. पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत रेडिएटर आणि त्यापुढे एसीचे कंडेन्सर आहेत. त्या पोकळीत पालापाचोळा, धूळ आणि आमच्याकडे कापसाचे तंतू साठतात; वर्षातून एकदा बंपर उतरवून साफ करावे लागते. छपराच्या पाण्याच्या नळ्या तुंबल्या तर पाणी सीटखालच्या कंट्रोल मोड्यूलमध्ये शिरते, म्हणून त्या मृगाआधी मोकळ्या करायच्या. बॅटरी पुढच्या डिकीत आहे आणि डिकी विजेवर उघडते. बॅटरी मेली तर पायाजवळच्या फ्यूज बॉक्समधला टर्मिनल बाहेर ओढून तिथून करंट द्यायचा असतो. हे माहीत नसलेला माणूस पहारीने डिकी उचकटतो.

दिल्लीच्या बॉक्सस्टर स्वस्त दिसतात. तिथून एनओसी म्हणजे फॉर्म 28, इथे फॉर्म 29 व 30, मग महाराष्ट्राचा वाहनकर गाडीच्या वयाप्रमाणे. पंधरा वर्षे पूर्ण झाली की नोंदणी नूतनीकरण, 2022 च्या दराने: देशी चारचाकीला 5,000 रुपये, आयात गाडीला 40,000. पर्यावरण कर वेगळा. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता मात्र दोघींना सारखाच, कारण दोन्ही 1500 सीसीच्या वर: 2022 च्या दरपत्रकाप्रमाणे वर्षाला 7,897 रुपये.

टायरने शेवटचा कौल दिला. बॉक्सस्टरच्या मागच्या 18 इंची चाकाला 265/40 लागतो. तो जळगावात दुकानात ठेवलेला नसतो. कंपनीचे वर्कशॉप चारशे किलोमीटरच्या वर, मुंबईला. एरंडोलजवळ खड्ड्यात साइडवॉल फाटली तर टोचन लावून ओढता येत नाही, फ्लॅटबेडच हवा.

वापराचे दिवस मोजले तर उघडी गाडी इथे ऑक्टोबर ते फेब्रुवारी, तेही सकाळी दहाच्या आत. बॉक्सस्टर जवळपास बारा महिने चालली असती. घरात दुसरी कार नसती तर मी डोळे मिटून बॉक्सस्टर घेतली असती. दुसरी कार आहे, म्हणून हलकी घेतली.

नावावर झाल्यावर पहिल्या महिन्यात केलेली कामे: सगळे पाण्याचे आणि पेट्रोलचे पाइप बदलले, कारण जुने रबर 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने फुगते; बॅटरीपासून सांगाड्यापर्यंत आणि सांगाड्यापासून इंजिनपर्यंत दोन जाड अर्थ पट्ट्या; चेंबरखाली 4 मिलिमीटर अॅल्युमिनियमची प्लेट, पुढून तिरकी, मागून ऑइल काढायला भोक; पुढच्या चाकांचा टो-इन (आत वळलेला कोन) पुन्हा, चालकाच्या सीटवर दीड पोते सिमेंट (75 किलो) ठेवून. विमा हस्तांतरणाचा अर्ज 14 दिवसांच्या आत दिला. महामार्गावर दिवसाही हेडलाइट चालू ठेवतो, कारण रावेरहून केळी घेऊन निघालेल्या ट्रकच्या केबिनमधून ही गाडी दिसतच नाही. सर्व्हिस रोड नसलेल्या पट्ट्यात ट्रकच्या डाव्या बाजूला कधीच थांबत नाही.