सातव्या ओळीचा पिवळेपणा

बटाट्याच्या लवकर येणाऱ्या निवडींची (नव्या वाणासाठी निवडलेल्या वंशांची) चाचणी दापोली तालुक्यातल्या एका कुणग्यात, म्हणजे भातखाचरात, होती; एका ओळीत एक निवड. भात निघाल्यावर १५ नोव्हेंबरला लावण, ६० बाय २० सेंटीमीटरवर, बेणं, म्हणजे लावायचा कंद, ४०-५० ग्रॅमचं. कोकणात या पिकाला थंडी जेमतेम मिळते. रात्रीचं तापमान २० अंशांच्या वर गेलं की कंद धरणं मंदावतं आणि झाड नुसतं पाल्यात जातं. म्हणून जानेवारीअखेर हाती येईल असाच बटाटा इथे कामाचा.

१९ जानेवारीला, पासष्टाव्या दिवशी, पहिली काढणी. सातवी ओळ सगळ्यांत आधी पिवळी पडली होती आणि वहीत तिच्यापुढे 'सर्वांत लवकर' अशी नोंदही होती. पण पिकणारं झाड खालून वर सावकाश पिवळं होत जातं. इथे एकाच झाडाची एक फांदी मान टाकून, तर दुसरी हिरवीगार उभी.

जमिनीलगतच्या खोडाचा बोटभर तुकडा कापला आणि काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात न हलवता धरला. दोन-तीन मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धागे खाली उतरू लागले. जिवाणूजन्य मर, म्हणजे जिवाणूंमुळे झाड कोमेजून मरण्याचा रोग! कंद चिरला तर सालीच्या आत तपकिरी कडं, दाबलं की त्यातून पांढरट चिकट थेंब. वरच्या डोळ्यांना मातीही चिकटलेली, कारण हाच स्राव तिथूनही येतो. बुरशीच्या मरेत पाण्यात असे धागे सुटत नाहीत.

तिसऱ्या ओळीचा पाला अजून गर्द हिरवा होता, खाली मात्र कोंबडीच्या अंड्याएवढे बटाटे. अंगठ्याने साल सुटत होती, म्हणजे पक्व नव्हते, पण खायला तयार. लवकर कंद धरणं वेगळं आणि लवकर पाला वाळणं वेगळं. ठरलेल्या दिवशी खणून वजन केल्याशिवाय कुठल्याही ओळीला 'लवकर' म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे.

सातवी ओळ मुळांसकट काढून जाळली, कुदळी धुऊन निर्जंतुक केल्या. पाटाचं पाणी तिच्यातूनच आठवी-नववीकडे जात होतं. त्या वरून निरोगी दिसल्या तरी वाहून आलेला रोग कंदात लपून राहतो. त्यामुळे तिसरीसकट त्या कुणग्यातला एकही कंद बेण्याला ठेवला नाही. मूळ बेणं शीतगृहात वेगळं राखलेलं होतं, म्हणून निवडी वाचल्या. हाच रोग त्यांनाही होतो, म्हणून त्या जागी आता वांगी, टोमॅटो, मिरचीही लावायची नाही. पावसाळ्यात भात, मग कुळीथ.