पद्मिनीचा तीन नंबर

नऊ वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली एक प्रीमियर पद्मिनी गेल्या महिन्यात माझ्या गॅरेजात आली. तक्रार मिसिंगची, म्हणजे एखादा सिलिंडर पेटत नसल्याची. आयडलला इंजिन थरथरायचं आणि अ‍ॅक्सिलरेटर दिला की कार्बोरेटरमधून उलटा फटका, म्हणजे बॅक मारायचं. आधीच्या गॅरेजात कार्बोरेटर तीनदा खोलून झाला होता. किट, प्लग, पॉइंट, कन्डेन्सर, कॉइल, सगळं नवं. बिलात कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासल्याची ओळ मात्र कुठेच नव्हती. गेज लावायला वीस मिनिटं लागतात. ती वाचवून गिऱ्हाइकाच्या खिशातून पार्ट बदलत राहणं मला पटत नाही.

चालू इंजिनवर प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या. एक, दोन आणि चार नंबरच्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन बसायचं, तीनला काहीच फरक नाही. तीनची ठिणगी निळी, खणखणीत. प्लग एक नंबरशी अदलाबदल केला तरी तीनच मेलेला. म्हणजे डेल्कोकडे, ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे, बघायचं कारण उरलं नाही.

मग चारही प्लग काढले, कॉइलची वायर सोडली, थ्रॉटल पूर्ण उघडा धरला आणि चार्ज केलेल्या बॅटरीवर स्टार्टर मारला. एक, दोन आणि चार ११५ ते १२० पीएसआय. तीन फक्त ३५. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजलं, ४०. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर ऑइलने फट बुजून काटा चांगलाच चढला असता. म्हणजे दाब व्हॉल्व्हमधून गळत होता. आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळत असता तर आवाज सायलेन्सरला आला असता. इथे कार्बोरेटरला येत होता, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिक्श्चर आत घेणारा इनलेट व्हॉल्व्ह. मिक्श्चर पातळ झालं तरी असंच बॅक मारतं, म्हणून आधीच्या गॅरेजात कार्बोरेटरचे जेट साफ करत बसले.

टॅपेट कव्हर काढलं. तीनच्या इनलेट व्हॉल्व्हला दाबणारा रॉकर सैल, व्हॉल्व्ह थोडा खाली अडकलेला, स्प्रिंगलाही वर ओढता येत नव्हता. रॉकरला खालून ढकलणारा पुशरॉड वाटीतून सुटलेला. काचेवर लोळवला तर मध्येच उड्या मारायचा, म्हणजे वाकलेला.

खरा धागा मालकाशी बोलताना लागला. पहिल्या दिवशी नवी बॅटरी लावून टाकीतल्याच पेट्रोलवर गाडी चालू केली होती, तीन-चार किलोमीटर छान पळाली. मिसिंग सुरू झालं दुसऱ्या दिवशी सकाळी. जुन्या पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि उरलेल्याचा चिकटा होतो. इंजिन चाललं की तो इनलेट व्हॉल्व्हच्या दांड्यावर आणि तो दांडा ज्यात सरकतो त्या नळीत, गाईडमध्ये, बसतो. गरम असताना व्हॉल्व्ह सरकतो, रात्री थंड झाला की चिकटा लाखेसारखा धरतो. सकाळी स्टार्टर मारला, पुशरॉड उचलणारा कॅम खाली उतरला, व्हॉल्व्ह वर आला नाही. सैल झालेला रॉड निसटला आणि पुढच्या फेरीत तिरका दाबला गेला.

हेड, म्हणजे सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग, उतरवायची गरज पडली नाही. पिस्टन थोडा खाली ठेवून प्लगच्या भोकातून सुती दोरी भरली, मग क्रँक हाताने फिरवून पिस्टन वर घेतला, म्हणजे व्हॉल्व्हला खालून टेकू मिळतो. स्प्रिंग दाबून ती दांड्याला धरून ठेवणारे कोलेट काढले. नंतर पिस्टन दहा मिलिमीटरच खाली घेतला. त्याहून जास्त घेतला तर व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडण्याचा धोका, मग हेड उतरवावंच लागतं. गाईडमध्ये थेंब थेंब थिनर सोडत, नायलॉनच्या हातोडीने हलके ठोके देत, दांडा बोटांनी फिरेपर्यंत अर्धा दिवस गेला. बाकीचे तीन इनलेटही जड होते, तेही असेच साफ केले. रॉड एका जुन्या इंजिनातला सरळ बघून घातला. तीनचं कॉम्प्रेशन ११० वर आलं, आयडल स्थिर झालं.

टाकीतून नऊ लिटर निघालं, चहाच्या रंगाचं, वार्निशसारख्या वासाचं. टाकी धुतली. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला जुनं रबर टिकत नाही, म्हणून पंपाचा डायफ्राम आणि होजही बदलले. नऊ वर्षं उभं राहून या इंजिनाचं काही बिघडलं नव्हतं. त्या तीन-चार किलोमीटरांनी बिघडवलं. आधी टाकी रिकामी करून, पंपाला कॅनमधून दोन लिटर ताजं पेट्रोल दिलं असतं तर रॉड वाकला नसता, हे अजून मनातून जात नाही.

त्यातलं थोडं पेट्रोल बाटलीत ठेवलंय. बंद गाडी चालू करायची म्हणून कोणी आलं, की आधी झाकण उघडून वास घ्यायला देतो.